प्रोजेक्टसाठी मेमरी कंट्रोलर निवडताय? आधी हे वाचा

जळगाव, धुळे, शिरपूर, फैजपूर, नंदुरबार. कॉलेज कोणतंही असो, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट ठरायला लागले की एक प्रश्न हमखास येतो: ‘सर, रॅम जोडायची आहे, मेमरी कंट्रोलरची आयसी कोणती घेऊ?’ जुनी पुस्तकं वाचून आलेल्या मुलाने हे विचारणं साहजिकच आहे. एकेकाळी अशी वेगळी आयसी मिळायची. इंटेलची ८२०३ हे त्यातलं ठळक नाव. प्रोसेसर एका बाजूला, डीरॅमच्या (डायनॅमिक रॅमच्या) चिप दुसऱ्या बाजूला आणि मध्ये हा कंट्रोलर, अशी आकृती पुस्तकांत असायची.

आज जळगावचं गोलाणी मार्केट पालथं घातलं तरी ती आयसी मिळणार नाही, आणि तिची गरजही नाही. आता कंट्रोलर मायक्रोकंट्रोलरच्या, प्रोसेसरच्या किंवा एफपीजीएच्या (आतलं सर्किट आपण ठरवू शकतो अशा चिपच्या) पोटातच असतो. म्हणजे कंट्रोलर निवडायचा, तर ज्याच्या आत योग्य कंट्रोलर आहे अशी मुख्य चिप निवडायची. ती निवड मेमरीच्या गरजेवरून होते, म्हणून सुरुवात मेमरीपासून करायची. बहुतेक मुलं आधी बोर्ड विकत घेतात आणि मग त्यावर रॅम कशी बसवायची ते शोधतात. पैसे वाया जातात ते तिथेच.

कंट्रोलर करतो तरी काय?

८०८५ या जुन्या प्रोसेसरच्या लॅबमध्ये तुम्ही ६२६४ ही चिप जोडली असेल. ती स्टॅटिक रॅम. पत्ता द्या, रीडची लाइन खाली ओढा, डेटा हजर. मध्ये पत्त्यावरून चिप निवडणारा ७४१३८ चा डीकोडर असला की झालं. इथे कंट्रोलर असा लागतच नाही.

डायनॅमिक रॅमचं तसं नाही. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ साली जिचं पेटंट मिळालं, तीच रचना आजही चालते: एका बिटसाठी एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर. जागा कमी लागते, म्हणून मेमरी स्वस्त पडते. पण कपॅसिटरमधला चार्ज गळत राहतो, आणि ठरलेल्या वेळात तो पुन्हा भरला नाही तर डेटा जातो. शिवाय पिना वाचवायला पत्ता दोन हप्त्यांत द्यावा लागतो, आधी रो, मग कॉलम.

अडत्याच्या दुकानात शेतकऱ्याचा एकच आकडा बघायचा असला, तरी कपाटातून वही काढून त्याचं पान उघडावं लागतं. त्याच पानावरचे पुढचे आकडे मग झटपट वाचता येतात, पण दुसरं पान हवं असेल तर आधीचं पान मिटावं लागतं. डीरॅमची रो म्हणजे हे पान. रो उघडणं, ठरावीक वेळ थांबणं, वाचणं-लिहिणं, रो बंद करणं, मधल्या वेळात सगळ्या रो ताज्या करत राहणं (रिफ्रेश) आणि वीज येताच चिपला ठरलेल्या क्रमाने जागं करणं, ही सगळी कामं कंट्रोलरची. तुमच्या प्रोग्रॅमला त्यातलं काही दिसत नाही. त्याला नुसता सलग पत्त्यांचा पट्टा दिसतो.

पहिली पायरी: मेमरी किती हवी आणि किती वेगाने?

हा हिशेब वहीत करा, बोर्ड नंतर. आपल्याकडचंच उदाहरण घेऊ. रावेर-सावद्याकडच्या एखाद्या पॅकहाउससाठी पट्ट्यावरून जाणाऱ्या केळीच्या फण्यांवरचे डाग कॅमेऱ्याने ओळखायचे आहेत.

चित्र ६४० × ४८०, म्हणजे ३,०७,२०० पिक्सेल. रंगीत असेल तर पिक्सेलला २ बाइट, म्हणजे एका चित्राला ६,१४,४०० बाइट, बरोबर ६०० किलोबाइट. एसटीएम३२एफ४०७ या मायक्रोकंट्रोलरमध्ये आतली रॅम १९२ किलोबाइट, त्याच्याच भावंडांपैकी एफ४२९ मध्ये २५६. एक चित्रही मावत नाही. एच७४३ मध्ये एकूण १ मेगाबाइट आहे, पण ती तुकड्यातुकड्यांत विभागलेली असते आणि सर्वांत मोठा सलग तुकडा ५१२ किलोबाइटचा. तिथेही पूर्ण रंगीत चित्र सलग बसत नाही.

इथे थांबून स्वतःला विचारा: रंग लागतो का? फळ हिरवं की पिवळं हे बघायचं असेल तर लागतो. नुसते काळे डाग मोजायचे असतील तर राखाडी चित्रावर भागेल, आणि ते ३०० किलोबाइटमध्ये येतं. मग एच७४३ च्या आतल्या रॅममध्येच काम होतं, बाहेरची मेमरी, कंट्रोलर, टायमिंग यांचा प्रश्नच उरत नाही. पट्टा सरकताच असल्यामुळे ओळीओळीने चित्र घेऊन लगेच हिशेब करण्याचीही सोय आहे, तेव्हा तर थोड्याच ओळी साठवाव्या लागतात. बाहेरची रॅम टाळता येत असेल तर जरूर टाळा. त्यात काही कमीपणा नाही, उलट परीक्षकाला हा हिशेब दाखवलात तर ते खरं इंजिनिअरिंग.

टाळता येत नसेल तर वेगाचा हिशेब मांडा. सेकंदाला ३० चित्रं लिहायची म्हणजे १८.४ मेगाबाइट. तीच एकदा वाचून तपासायची, आणखी १८.४. शिवाय तेवढ्याच आकाराचा स्क्रीन सेकंदाला ६० वेळा ताजा करायचा असेल तर ३६.९. बेरीज साधारण ७४ मेगाबाइट प्रति सेकंद. हा आकडा हाताशी ठेवा, पुढे सारखा लागेल.

दुसरी पायरी: मेमरीचा प्रकार

सेन्सरच्या नोंदी, ठिबकच्या वेळा, हवामानाचे आकडे असला प्रोजेक्ट असेल तर मायक्रोचिपची २३एलसी१०२४ पाहा. १२८ किलोबाइट स्टॅटिक रॅम, साध्या एसपीआयवर (मोजक्या तारांच्या सीरियल जोडणीवर) २० मेगाहर्ट्झपर्यंत चालते. एका डेटा लाइनवर सेकंदाला जेमतेम २.५ मेगाबाइट मिळतात, पण नोंदींना ते भरपूर आहेत. मात्र शेतातल्या फीडरवर लाइट गेली की अशा साध्या रॅममधलं सगळं जातं, कंट्रोलर कितीही चांगला असो. नोंद टिकवायची असेल तर विजेविना डेटा धरून ठेवणाऱ्या एफरॅम किंवा फ्लॅशकडे वळा.

दुसरा पर्याय पीएसरॅम. आत डीरॅम असते, पण रिफ्रेशचं काम चिप स्वतःच करते. ईएसपी३२-कॅम या कॅमेऱ्याच्या छोट्या बोर्डवर ती आधीच बसवलेली असते आणि ईएसपी३२ च्या आतला कंट्रोलर ती कॅशमार्फत (आतल्या छोट्या, वेगवान मेमरीमार्फत) प्रोग्रॅमला दाखवतो. मूळ ईएसपी३२ ला त्यातले ४ मेगाबाइटच थेट पत्त्यांत दिसतात. आपल्याकडच्या निम्म्याशिम्म्या कॅमेरा प्रोजेक्टना एवढं पुरतं असं माझं ठाम मत आहे, आणि बोर्डही स्वस्त असतो. पण वेग बघा: चार डेटा लाइन, ८० मेगाहर्ट्झ, म्हणजे जास्तीत जास्त ४० मेगाबाइट प्रति सेकंद. आपल्या उदाहरणातला स्क्रीन काढून टाकला तर ३६.९ लागतात. कागदावर हे बसतं, प्रत्यक्षात नाही. प्रत्येक व्यवहाराआधी कमांड आणि पत्ता पाठवण्यात वेळ जातो. शिवाय एपीएस६४०४एलसारख्या चिपमध्ये चिप-सिलेक्ट (चिप निवडणारी लाइन) एका वेळी ८ मायक्रोसेकंदांहून जास्त खाली धरता येत नाही, कारण तिला आतून रिफ्रेश करायला सवड लागते.

तिसरा पर्याय साधी एसडीरॅम (क्लॉकच्या ठोक्यावर चालणारी डीरॅम), ३.३ व्होल्टची. केळीच्या फण्यांचं आपलं उदाहरण इथे येतं. १६ बिट रुंद चिप ९० मेगाहर्ट्झवर चालवली तर कमाल वेग १८० मेगाबाइट प्रति सेकंद. रो उघडण्या-मिटण्यात बराच वेळ जातो म्हणून मी निम्माच धरून चालतो, ९०. आपल्याला ७४ हवेत. बसतं, पण मोकळी जागा फार नाही.

त्यापुढे डीडीआर, म्हणजे एका ठोक्यात दोनदा डेटा देणारी एसडीरॅम. डीडीआर३ ला १.५ व्होल्ट, डीडीआर४ ला १.२, शिवाय वेगळा संदर्भ व्होल्टेज, टर्मिनेशन आणि सुरू होताना वेळ जुळवून घेण्याचं प्रशिक्षण. ज्या बोर्डवर हे सगळं तयार आहे तोच घ्या. स्वतःच्या पीसीबीवर डीडीआर३ बसवायचा विचार पहिल्या प्रोजेक्टात करूच नका.

तिसरी पायरी: चिपच्या पोटातला कंट्रोलर तपासा

एसडीरॅम ठरली, तर आतमध्ये एसडीरॅमचा कंट्रोलर असलेली चिप हवी. एसटीएम३२एफ४२९ मध्ये तो आहे, एच७४३ मध्ये आहे, एनएक्सपीच्या आय.एमएक्स आरटी१०६० मध्ये आहे, जुन्या एलपीसी१७८८ मध्येही आहे. एफ४०७ मध्ये नाही. इथेच घोडं पेंड खातं. एफ४०७ च्या ब्लॉकचं नाव एफएसएमसी, एफ४२९ च्या ब्लॉकचं एफएमसी. दोन्ही बाहेरची मेमरी जोडतात, पण एफएसएमसीला स्टॅटिक रॅम, पीएसरॅम आणि फ्लॅशच कळते. ‘एक्स्टर्नल मेमरी सपोर्ट’ एवढं वाचून एफ४०७ घेतलात तर एसडीरॅम कधीच चालणार नाही.

मग पिना मोजा. १३ पत्त्याच्या, २ बँकेच्या (बँक म्हणजे चिपमधला मेमरीचा स्वतंत्र भाग), १६ डेटाच्या, २ बाइट-मास्कच्या, आणि क्लॉक, क्लॉक-एनेबल, चिप-सिलेक्ट, आरएएस (रोचा इशारा), सीएएस (कॉलमचा इशारा), राइट-एनेबल या ६. एकूण ३९. यासाठी १४४ किंवा जास्त पिनांचं पॅकेज धरा. त्यातही यातल्या काही पिना कॅमेऱ्याला किंवा स्क्रीनलाही लागतात. क्यूबएमएक्स या एसटीएम३२ च्या पिना ठरवायच्या सॉफ्टवेअरमध्ये तिन्ही गोष्टी एकदम चालू करून बघा, भांडण असेल तर लगेच दिसतं. ऑर्डर देण्याआधी अर्धा तास यावर घालवला तर नंतरचा महिना वाचतो.

नव्याने शिकणाऱ्यांना माझा सल्ला: एसडीरॅम आधीच बसवलेला बोर्ड घ्या. एफ४२९ च्या डिस्कव्हरी बोर्डवर ८ मेगाबाइट एसडीरॅम आणि छोटा स्क्रीन दोन्ही आहेत. ब्रेडबोर्ड आणि जंपर वायरवर ९० मेगाहर्ट्झची एसडीरॅम चालवायला जाऊ नका. स्वतःचा पीसीबी करणारच असाल तर चिप मायक्रोकंट्रोलरला चिकटून ठेवा, प्रत्येक सप्लाय पिनेजवळ १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर द्या आणि खालचा थर अखंड ग्राउंडचा राहू द्या.

चौथी पायरी: आकडे, आणि त्यातला रिफ्रेशचा आकडा

कंट्रोलर निवडला म्हणजे काम अर्धं झालं. त्याला तुमच्या चिपचे आकडे सांगावे लागतात. डेटाशीटमध्ये ते नॅनोसेकंदांत असतात, कंट्रोलरला ते क्लॉकच्या ठोक्यांत हवे असतात. ९० मेगाहर्ट्झला एक ठोका ११.१ नॅनोसेकंदांचा. रो उघडल्यापासून कॉलम देईपर्यंत २० नॅनोसेकंद लागत असतील तर भागाकार १.८ येतो, तुम्ही २ लिहायचे. एक रो उघडल्यापासून त्याच बँकेतली पुढची उघडेपर्यंत ६३ लागत असतील तर ५.७ येतात, लिहायचे ६. नेहमी वरचा पूर्णांक. खालचा लिहिला तरी कधीकधी चालतं, आणि तेच वाईट, कारण चूक लपून राहते.

रिफ्रेशवर जरा जास्त बोलतो, कारण खानदेशात तो आकडा चुकला तर उन्हाळा तो शोधून काढतो.

चिपच्या सगळ्या रो ६४ मिलिसेकंदांत एकदा ताज्या व्हायला हव्यात. डिस्कव्हरी बोर्डवरच्या आयएस४२एस१६४००जे या चिपमध्ये ४०९६ रो आहेत. ६४ मिलिसेकंद भागिले ४०९६ म्हणजे १५.६२ मायक्रोसेकंदांनी एक रिफ्रेश. एसटीएम३२ चं सूत्र असं: हा वेळ गुणिले क्लॉक, वजा २०. १५.६२ × ९० = १४०६, वजा २० म्हणजे १३८६. इंटरनेटवरच्या ढीगभर उदाहरणांत हाच १३८६ दिसेल.

आता समजा तुम्ही जास्त मेमरी हवी म्हणून विनबाँडची ३२ मेगाबाइटची डब्ल्यू९८२५जी६केएच घेतली. तिच्यात ८१९२ रो आहेत. वेळ निम्मा, ७.८१ मायक्रोसेकंद. आकडा येतो ६८३. पण कोड उचललेला असतो, रो आणि कॉलमची संख्या बदललेली असते, आणि १३८६ तसाच राहतो. आता सगळ्या रो ताज्या व्हायला ६४ ऐवजी सुमारे १२८ मिलिसेकंद लागतात.

गंमत अशी की लॅबमध्ये हे चालतं. थंड चिपमधल्या बहुतेक कपॅसिटरमध्ये चार्ज ६४ मिलिसेकंदांहून कितीतरी जास्त वेळ टिकतो, कंपनीने तो आकडा सर्वांत गळक्या कपॅसिटरसाठी आणि गरम अवस्थेसाठी दिलेला असतो. डिसेंबर-जानेवारीत डेमो झाला, टेबलावर सगळं छान. मग तोच बोर्ड मे महिन्यात भुसावळच्या पत्र्याच्या शेडमध्ये, बंद प्लास्टिकच्या डब्यात. बाहेरच ४५ अंश, डब्याच्या आत त्याहून बरंच जास्त. तापमान १० अंशांनी वाढलं की गळती साधारण दुप्पट होते. मग चित्रात एखादा ठिपका चमकतो, कधी प्रोग्रॅम मध्येच अडकतो, आणि संध्याकाळी ऊन उतरलं की सगळं आपोआप बरं होतं. मुलं पॉवर सप्लाय बदलतात, कॅमेरा बदलतात, केबल बदलतात. दोष एका आकड्यात असतो.

म्हणून दोन गोष्टी करा. रो किती, हे डेटाशीटमधून स्वतः वाचा आणि रिफ्रेशचा आकडा स्वतः काढा. आणि चिप घेताना ० ते ७० अंशांची साधी न घेता उणे ४० ते ८५ अंशांची औद्योगिक श्रेणी घ्या, नावाच्या शेवटच्या अक्षरांवरून ती ओळखता येते. डीडीआर३ आणि डीडीआर४ मध्ये चिपचं तापमान ८५ अंशांवर गेलं की रिफ्रेश दुप्पट वेगाने, म्हणजे ३२ मिलिसेकंदांत करावा लागतो. साध्या एसडीरॅमलाही थोडा जास्त रिफ्रेश दिल्याने काही बिघडत नाही. एका रिफ्रेशला ६०-७० नॅनोसेकंद जातात, ७.८ मायक्रोसेकंदांत ते एक टक्काही नाहीत.

वेग कमी पडत असेल तर बँकांकडे बघा. चिपमध्ये चार बँका असतात आणि प्रत्येकीत एक रो उघडी राहू शकते. एसटीएम३२ चा कंट्रोलर कोणत्या बँकेत कोणती रो उघडी आहे हे लक्षात ठेवतो. वरच्या ३२ मेगाबाइटच्या चिपमध्ये एकेक बँक ८ मेगाबाइटची, सलग पत्त्यांवर. कॅमेऱ्याचं चित्र एकीत आणि स्क्रीनचं दुसरीत ठेवलं तर दोघांची एकमेकांत ओढाताण होत नाही. कोडमध्ये एक पत्ता बदलायचा, बाकी काही नाही.

एफपीजीए असेल तर

इथे कंट्रोलर खरोखर तुमच्या हातात असतो. बोर्डवर डीडीआर३ असेल, उदाहरणार्थ आर्टी ए७ वर, तर झायलिंक्सचं एमआयजी वापरा. ते कंट्रोलर आणि त्याखालचा पिनांशी बोलणारा भाग दोन्ही तयार करून देतं. जुन्या स्पार्टन-६ मध्ये तर कंट्रोलर सिलिकॉनमध्येच घडवलेला आहे, झिंक-७००० मध्येही प्रोसेसरच्या बाजूला तो पक्का बसवलेला आहे. मोकळ्या सोर्सचं काही हवं असेल तर लाइटडीरॅम हा तयार कंट्रोलर चांगला आहे.

पण कंट्रोलर कसा चालतो हे शिकायचं असेल, तर डीई०-नॅनोसारखा साध्या एसडीरॅमचा बोर्ड घ्या आणि स्वतः लिहा. वीज स्थिर झाल्यावर १०० ते २०० मायक्रोसेकंद थांबायचं, सगळ्या बँका बंद करायच्या, काही रिफ्रेश द्यायचे, मोड रजिस्टर भरायचं. मग रिकामं बसणं, रो उघडणं, वाचणं, लिहिणं, बंद करणं आणि रिफ्रेश, एवढ्या अवस्थांचं स्टेट मशीन. सिम्युलेशनमध्ये चालून बोर्डवर चाललं नाही तर आधी चिपला जाणाऱ्या क्लॉकची फेज तपासा. अल्टेराच्या डीई२ बोर्डच्या पाठात हा क्लॉक मुख्य क्लॉकच्या ३ नॅनोसेकंद आधी ठेवायला सांगितलं आहे. या लहानशा सरकवण्यावाचून अनेकांचे आठवडे अडकतात. मुख्य विषय मेमरी असेल तर हा प्रोजेक्ट मला सगळ्यांत आवडतो.

आणि घरच्या पीसीचं?

तिथे कंट्रोलर सीपीयूत असतो, एएमडीकडे २००३ च्या ऑप्टेरॉन आणि अ‍ॅथलॉन ६४ पासून, इंटेलच्या डेस्कटॉपमध्ये २००८ च्या पहिल्या कोअर आय७ पासून. सीपीयूच्या माहितीपानावर मेमरीचा प्रकार, चॅनेल आणि कमाल क्षमता बघा, मग मदरबोर्डवरचे स्लॉट बघा. डेस्कटॉपच्या रायझन ७००० ला डीडीआर५ च लागते. इंटेलची १२ वी पिढी डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्ही घेते, पण बहुतेक मदरबोर्ड त्यातलं एकच.

शेवटची पायरी: तपासणी

एसटीएम३२ एच७ किंवा एफ७ असेल तर आधी डेटा कॅश बंद करा, नाहीतर तुम्ही कॅशच तपासत बसाल. मग एका पत्त्यावर एकेक बिट सरकवत लिहून वाचा, त्यात तुटलेली किंवा चिकटलेली डेटा लाइन सापडते. नंतर २, ४, ८, १६ अशा दुप्पट होत जाणाऱ्या अंतरांवर वेगवेगळे आकडे लिहा आणि सगळे लिहून झाल्यावरच वाचा. दोन ठिकाणी एकच आकडा आला तर पत्त्याची लाइन चुकली आहे, किंवा रो-कॉलमची संख्या. शेवटी पूर्ण मेमरी भरा, काही मिनिटं तिला अजिबात हात न लावता थांबा, मग वाचा. रिफ्रेशची चूक यातच पकडली जाते, कारण सतत वाचत-लिहीत राहिलं तर वापरातल्या रो आपोआप ताज्या होत राहतात.

ही शेवटची चाचणी दोनदा करा. एकदा लॅबमध्ये, आणि एकदा बोर्ड त्याच्या खऱ्या डब्यात बंद करून, दुपारी दोन-तीनच्या उन्हात, चिपला तापमानाचा सेन्सर चिकटवून. तापमान, थांबलेला वेळ, चुकलेल्या शब्दांची संख्या आणि त्या वेळचा रिफ्रेशचा आकडा रिपोर्टमध्ये एकाच तक्त्यात लिहा. सोबत मेमरी चिपवर छापलेलं पूर्ण नाव शेवटच्या अक्षरापर्यंत उतरवा, म्हणजे पुढच्या बॅचने दुसऱ्या श्रेणीची चिप घेतली तर कोणते आकडे पुन्हा काढायचे ते त्यांना कळेल.